झडती

१९९८ सालचा मार्च महिना होता, शनिवारची सकाळ होती, आणि रूथअ‍ॅन होलब्रुकने डेल्फा टॅकेटच्या हनुवटीखाली तळहाताचा असा तडाखा दिला, की डेल्फाच्या डोक्यावरचं हेल्मेट मागे सरकलं आणि तिला नुसतं छत दिसू लागलं.

"अगं बाई! सॉरी, सॉरी! लागलं का गं?" रूथअ‍ॅन दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली.

"रूथअ‍ॅन!" भिंतीशी उभा असलेला डेल्फाचा नवरा व्हर्लिन ओरडला. "तो तुझ्या जिवावर उठलाय आणि तू त्याला सॉरी म्हणतेस?"

"अरे, पण ही डेल्फा आहे."

"आत्ता ती डेल्फा नाही. आत्ता ती बदमाश आहे."

"बदमाश असला म्हणून काय झालं? लागतंच ना त्याला."

सगळे हसले. हेल्मेटच्या आतून डेल्फाही हसली. हसताना तिचा श्वास जाळीतून धुक्यासारखा बाहेर पडला. सत्तरीला टेकलेली रूथअ‍ॅन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिचा नवरा गेल्यावर कुणीतरी तिच्या मागच्या दाराचं कुलूप फोडून त्याची सगळी सुतारकामाची अवजारं, करवती, रंधे उचलून नेले होते. तेव्हापासून तिला दुपारीसुद्धा घरात भीती वाटे. म्हणून ती व्हर्लिनच्या स्वसंरक्षणाच्या वर्गाला आली होती. हात तिचे वाजवून वाजवून कणखर झालेले, तडाखा चांगला बसायचा. पण तडाख्यामागून सॉरी यायचंच. तिचंच कशाला, केंटकीच्या त्या डोंगरात वाढलेल्या आम्हा सगळ्या बायकांचं तेच होतं. दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी सॉरी आपण म्हणायचं, ही शिकवण दुधाबरोबर पोटात गेलेली. व्हर्लिन म्हणायचा, "ह्या बायकांना पिस्तूल चालवायला मी एका दुपारी शिकवतो. सॉरी न म्हणायला शिकवण्यात माझा जन्म जाणार."

दीड-दोन वर्षांपूर्वी राज्यात नवा कायदा झाला होता. अंगावर कपड्यांआड पिस्तूल बाळगायचा परवाना साध्यासुध्या माणसालाही मिळू लागला होता. लोकांनी परवाने काढले, पिस्तुलं घेतली, आणि आता आपल्याला कुणाची भीती नाही असं समजून चालू लागले. व्हर्लिनला नेमकी ह्याच समजुतीची भीती वाटे. त्याने गुरांच्या खाद्याचं एक बंद पडलेलं दुकान झाडून घेतलं, जमिनीवर जुन्या गाद्या टाकल्या आणि शनिवारचा वर्ग सुरू केला. भुशाचा आणि मळीचा वास तिथल्या फळ्यांमधून शेवटपर्यंत गेला नाही.

"माणूस हाताच्या अंतरावर आला," तो सांगे, "की पिस्तूल काढायची शर्यत लावू नका. हराल. तुमचा हात सदऱ्याच्या टोकाशी चाचपडतोय तोवर तो तुमच्या छाताडावर बसलेला असेल. आधी हात. आधी कोपर. आधी त्याला ढकला, पिस्तुलाची बाजू त्याच्यापासून लांब वळवा, जागा करा. पिस्तूल सगळ्यात शेवटी. आणि पळता आलं तर तेही नाही."

हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. तो शेरीफच्या हाताखाली डेप्युटी होता तेव्हा आर्ली नावाचा त्याचा जोडीदार एका दारूच्या गुत्त्यामागे झटापटीत स्वतःच्याच पिस्तुलाने गेला. समोरच्याने ते त्याच्या कमरेचं हिसकावून घेतलं होतं. आर्लीला पुरून आल्यावर व्हर्लिन स्वयंपाकघरात आला आणि नव्या नवरीला म्हणाला, "डेल्फा, माझ्या कमरेचं पिस्तूल ओढून बघ." त्याने गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. डेल्फाने ओढलं आणि ते तिच्या हातात आलं. व्हर्लिन पांढराफटक पडला. मग रोज जेवणानंतर तालीम सुरू झाली. बाकीची जोडपी संध्याकाळी रेडिओ ऐकत बसायची, ही दोघं एकमेकांच्या कमरेला झोंबत असायची. शेजारीण एकदा खिडकीतून बघून गेली आणि तिने काहीतरी भलतंच गावात सांगितलं.

डेल्फा आठवडाभर प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात असे. शेंगांची आमटी, मक्याची भाकरी, शुक्रवारी सफरचंदाचा केक. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडच्या रीतीने सगळे तिला मिस डेल्फाच म्हणत. शनिवारी ती नवऱ्याचं शिकारीचं जाड जाकीट चिंध्या भरून अंगात घाली, हायस्कूलच्या पोरांचं टाकून दिलेलं, तोंडापुढे जाळी असलेलं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट चढवी आणि बदमाश होई. ज्यांना लहानपणी तिने जास्तीची भाकरी वाढली होती, ते आता तिला कोपरं मारायचे आणि घरी जाताना म्हणायचे, "येतो हं मिस डेल्फा. आईने नमस्कार सांगितलाय."

वर्गाचा एक नियम होता. खरं हत्यार आत यायचं नाही. बाहेर ओट्यावर लोखंडी पेटी होती, तिच्यात ज्याने त्याने आपलं पिस्तूल गोळ्या काढून ठेवायचं. आत सरावाला व्हर्लिनने पॉप्लरच्या लाकडातून कोरलेली, निळ्या रंगाने रंगवलेली पिस्तुलं असत. पेटीत ठेवलं असं कुणी सांगितलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सुरुवातीला जोड्या लावून सगळ्यांनी एकमेकांची झडती घ्यायची: खांदे, बगला, कंबर, पाठ, खिसे, घोटे. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या समोर, व्हर्लिनने डेल्फाची आणि डेल्फाने व्हर्लिनची.

ही शेवटची झडती बघायला लोक आवर्जून वेळेवर यायचे. व्हर्लिन हात पसरून उभा राहायचा, ताठ, ख्रिसमसच्या झाडासारखा. डेल्फा त्याच्या बगलेत हात घालायची आणि तो म्हणायचा, "पोरी, गुदगुल्या नकोत."

"काही सापडलं का, मिस डेल्फा?" मागून कुणीतरी विचारायचं.

"पोट सापडलं. मागच्या शनिवारपेक्षा मोठं आहे."

"ते कुणी वाढवलं ते विचारा हिला!"

त्या हसण्याखाली डेल्फाचे हात मात्र आपलं काम नीट करायचे. व्हर्लिननेच तिला तसं शिकवलं होतं. चेहरा हसला तरी हातांनी हसायचं नाही, असं तो म्हणे.

त्या वसंतात काहीतरी बिघडत होतं. वर्गात ट्वायला म्हणून तिशीतली एक नर्स होती, ती डोंगरातल्या घळींमधून घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना बघायची. तिच्या पिशवीतल्या वेदनाशामक गोळ्यांसाठी एका रुग्णाच्या नातवाने तिला वळणावर अडवलं होतं. तिला व्हर्लिन आर्लीच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागला. ट्वायला त्या नावालाही ओ देत राहिली. एकदा त्याने सकाळी शिकवलेला धडा दुपारी जशाच्या तसा, त्याच विनोदांसकट, पुन्हा शिकवला. लोक म्हणाले, घोटून घेतो म्हातारा. डेल्फा मागे उभी राहून नावं पुटपुटू लागली, "ही ट्वायला," "तो लेस्टर." गाडीही तीच चालवू लागली. ज्या रस्त्यांवर त्याने आयुष्यभर गस्त घातली, त्याच रस्त्यांवर तो एकदा वळण चुकला होता आणि घरी येऊन म्हणाला होता, "पूल हलवलाय कुणीतरी." डेल्फाने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटत होतं, आपण त्याच्यापेक्षा एक शब्द पुढे राहिलो, एक पाऊल पुढे राहिलो, तर कुणाला दिसणार नाही. डेप्युटीचा बिल्ला परत केल्यावर त्याच्यापाशी हा शनिवारच तेवढा उरला होता. तो गेला तर त्याने आठवडाभर कशाची वाट बघायची?

मे महिन्यातल्या एका शनिवारी झडती सुरू झाली. रूथअ‍ॅनने ट्वायलाची घेतली, घेता घेता दोनदा माफी मागितली. व्हर्लिनने डेल्फाची घेतली. मग तो हात पसरून उभा राहिला.

खांदे. बगला. "पोरी, गुदगुल्या नकोत." कंबर.

उजव्या कुशीवर, सदऱ्याच्या आत, डेल्फाच्या तळव्याला काहीतरी कडक लागलं. गार नव्हतं. त्याच्या अंगाइतकंच कोमट होतं. तिने मान न हलवता टेबलाकडे पाहिलं. लाकडी, निळी पिस्तुलं सगळीच्या सगळी तिथे ओळीत पडली होती.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता. कुणीतरी विचारील, काही सापडलं का, आणि डेल्फा काय उत्तर देईल, ह्याची तो वाट बघत होता. त्याला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ते कमरेला होतं की त्याच्या लेखी ते घड्याळासारखं, लग्नाच्या अंगठीसारखं, शरीराचाच भाग झालं होतं.

"काही सापडलं का, मिस डेल्फा?" मागून ट्वायलाने विचारलं.

डेल्फाने हात तिथून काढला नाही. "व्हर्लिन," ती म्हणाली, "गाडीचे दिवे चालू राहिलेत वाटतं."

"दिवे? भर उन्हात कोण लावतंय दिवे?"

लोक हसले.

"चल म्हणते ना."

हा शाळेच्या स्वयंपाकघरातला आवाज होता. ह्या आवाजाला सहावीतली दांडगी पोरंसुद्धा खाली बसायची. व्हर्लिन निमूटपणे चालू लागला. डेल्फा त्याच्या कुशीला चिकटून, आपला हात त्या कडक वस्तूवर दाबून धरून चालली. बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे ह्या म्हातारा-म्हातारीचं.

ओट्यावर ऊन होतं. तिने त्याला पेटीशी उभं केलं, सदरा वर केला आणि रिव्हॉल्व्हर काढलं. त्यानेच शिकवल्याप्रमाणे तोंड जमिनीकडे ठेवून गोळ्यांचं चाक बाजूला पाडलं. सगळी घरं भरलेली होती. तिने तळहातावर गोळ्या ओतल्या.

व्हर्लिन त्या गोळ्यांकडे बघत राहिला.

"हे मी पेटीत ठेवलं," तो म्हणाला.

"नाही ठेवलंस."

"ठेवलं, डेल्फा. झाकण पडल्याचा आवाज आठवतोय मला."

"तो मागच्या शनिवारचा असेल रे."

तो ओट्याच्या पायरीवर बसला. समोरच्या उतारावर डॉगवुडची फुलं गळून गेली होती, नवी पानं आली होती. डेल्फाने रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं, गोळ्या आपल्या खिशात टाकल्या आणि त्याच्या शेजारी बसली.

"हे बघ," ती हलक्या आवाजात म्हणाली, "झालं ते झालं. आता पेटीत आहे. आत जाऊ. दिवे बंद केले म्हणून सांगू. ह्यापुढे घरून निघतानाच मी बघत जाईन. कुणाला कळायचं कारण नाही."

त्याने मान वळवून पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज माझ्या कमरेचं हिसकावून घ्यायची पाळी कुणाची होती?"

"ट्वायलाची."

"ट्वायला." त्याने नाव नीट उच्चारलं. "आणि हिसकावल्यावर काय करायचं, काय शिकवलंय मी तिला?"

डेल्फा खिशातल्या गोळ्या चाचपू लागली.

"सांग ना."

"मागे सरायचं. रोखायचं. चाप ओढायचा आणि तोंडाने ठो म्हणायचं."

"तोंडाने म्हणायची गरज पडली नसती आज." त्याने गुडघ्यांवरून हात फिरवले. "तिला मूल आहे ना गं?"

"मुलगी आहे. दुसरीत. गाजर खात नाही, ताटाखाली लपवते."

"तिच्या आईच्या हातून माणूस मेला असता. मी नाहीतर तू."

"मी मरायला इतकी सोपी नाही," डेल्फा म्हणाली.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"काय?"

"तू माझ्या मागे उभी राहून नावं सांगतेस ते. मला ऐकू येतं, पोरी. कान चांगले आहेत माझे. मला वाटायचं, तुला मजा वाटते म्हणून करतेस. मग वाटायला लागलं, की नसेल तसं. मग तेही विसरायचो."

डेल्फाला रडू येत होतं. आमच्याकडच्या बायका रडू आलं की हाताला काम देतात. तिने त्याच्या सदऱ्याचं टोक नीट आत खोचलं, कॉलर सरळ केली.

"घरी जाऊ या का?" तिने विचारलं. "मी आत सांगते, तुला बरं नाही."

"बरं नाही हे खरंच आहे." तो उठला. "पण मी सांगतो. आणि दिव्यांचं नाही सांगणार."

आत सगळे गाद्यांवर बसून गप्पा मारत होते. व्हर्लिन मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने पुन्हा हात पसरले.

"डेल्फा, परत घे."

तिने पुन्हा पहिल्यापासून झडती घेतली. खांदे, बगला, कंबर, पाठ, खिसे, घोटे. गुदगुल्यांचं कुणी काही बोललं नाही. त्यानेही नाही आणि मागच्यांनीही नाही. घोट्यांपासून उठताना तिला त्याच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

"आता मी मोकळा आहे," व्हर्लिन म्हणाला. "मघाशी नव्हतो. मघाशी माझ्या कमरेला भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. विसरलो असं नाही म्हणत. विसरणारा माणूस आठवण करून दिली की कपाळावर हात मारतो. मला अजूनही पेटीत ठेवल्याचंच आठवतंय." तो थांबला. "ह्या झडतीला तुम्ही हसायचात. मीही हसायचो. आज ती कामाला आली. ह्यापुढे शिकवणारा मी नाही."

बाहेर रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"सॉरी, व्हर्लिन," रूथअ‍ॅन म्हणाली.

ह्या खेपेला तो तिच्यावर ओरडला नाही. त्याने नुसती मान डोलावली.

मग ट्वायलाने विचारलं, "मग शिकवणार कोण?"

"कोण म्हणजे? ही." त्याने डेल्फाकडे बोट केलं. "मला जे येतं ते सगळं हिच्या अंगावर करून करून आलंय. हिला माझ्यापेक्षा जास्त येतं, मार खाणारी तीच ना."

"आणि बदमाश?"

व्हर्लिनने कोपऱ्यातलं हेल्मेट उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "हे कसं घालतात गं?" त्याने बायकोला विचारलं. डेल्फाने पट्टा लावून दिला, चिंध्यांचं जाकीट अंगावर चढवून दिलं. जाकीट मुळात त्याचंच, तरी आता त्याला ते सैल होत होतं.

त्या दुपारी ट्वायलाने व्हर्लिनच्या पट्ट्यातलं लाकडी पिस्तूल हिसकावून घेतलं, दोन पावलं मागे सरली, रोखलं आणि तिला ठो म्हणता येईना. "म्हण," डेल्फा मागून म्हणाली. "म्हण, ट्वायला. लाकूडच आहे ते." ट्वायला पुटपुटल्यासारखं ठो म्हणाली. व्हर्लिन गादीवर असा काही मेला, पाय झाडत, कण्हत, एक डोळा उघडून बघत, की शेवटी सगळ्यांना हसावंच लागलं.

त्या पानगळीपर्यंत तो बदमाश होता, आणि चांगला बदमाश होता. बदमाशाला कुणाचं नाव आठवावं लागत नाही. त्याने फक्त अंगावर जायचं असतं, आणि अंग त्याचं शेवटपर्यंत काही विसरलं नव्हतं. घरातली हत्यारं त्याने भाच्याला, एस्टिलला, स्वतः नेऊन दिली. परत येताना तो आणि डेल्फा घरापर्यंत चालत आले. लग्नापासून ती त्याच्या डाव्या बाजूनेच चालत आली होती, कारण उजवी बाजू मोकळी ठेवायची असा त्याचा शिरस्ता होता. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, ती दुसऱ्या बाजूला गेली. तो जरा बिचकला, त्याचं कोपर सवयीने कुशीशी गेलं, आणि तिथे काही नाही असं बघून त्याने ते तिच्या हातात अडकवलं. "इकडून तू वेगळीच दिसतेस," तो म्हणाला.

आता त्यातलं फारसं कुणी राहिलं नाही. रूथअ‍ॅन नव्वदीच्या उंबरठ्यावर झोपेत गेली. तिने परवाना शेवटपर्यंत काढलाच नाही, पण दुपारी घराचं दार उघडं टाकून ऑर्गन वाजवायला मात्र ती पुन्हा बसू लागली होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ते ऐकू यायचं. एस्टिल कामासाठी ओहायोला गेला, तिकडचाच झाला. डेल्फाने चार-पाच वर्षं शनिवार चालवला, मग तिचे गुडघे गेले आणि तो ट्वायलाने घेतला. त्या दुकानाची जागा पुढे रस्त्यात गेली. ट्वायला अजून आहे. वर्ग आता ती शाळेच्या व्यायामशाळेत घेते, आणि तिची ती गाजर न खाणारी मुलगी लेक्सिंग्टनच्या इस्पितळात नोकरीला आहे.

व्हर्लिन २००५ च्या फेब्रुवारीत गेला. त्याआधीची दोन वर्षं तो घरातच होता. त्याला पलंगावरून उठवता येईना तेव्हा ट्वायला कामावरून परतताना थांबली आणि तिने डेल्फाला उठवायची रीत शिकवली. पाय फाकवून उभं राहायचं, त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरायचे, दोन्ही हात त्याच्या बगलांखालून पाठीवर न्यायचे, आणि ओढायचं नाही, आपणच मागे झुकायचं, म्हणजे तो आपोआप वर येतो. "ताकद लावू नका, मिस डेल्फा," ट्वायला म्हणाली. "जवळ घ्या. जितकं जवळ घ्याल तितका हलका."

रोज सकाळी डेल्फा त्याला तसं उभं करायची. तोवर त्याला तिचं नाव आठवेनासं झालं होतं. उभा राहिला की कुठे जायचं होतं ते त्याला कळत नसे, आणि तिलाही घाई नसायची. चुलीवर कॉफी उकळत असायची. तो आपली हनुवटी तिच्या डोक्यावर टेकायचा, आणि ती दोघं खिडकीशी तशीच थोडा वेळ उभी राहायची.